बेटांना मिळणाऱ्या परदेशी मदतीची तुलना करायची तर कशी करायची?

दरडोई परदेशी मदतीची जागतिक यादी काढली की वरच्या ओळींत हमखास तुवालू, नाउरू, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया ही नावं दिसतात. त्यावरून कुणी म्हणतं ही बेटं मदतीवरच जगतात, तर कुणी म्हणतं यांच्यावर पैशाची खैरात चालू आहे. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, वर्तमानपत्रातल्या चौकटीत, कॉलेजच्या प्रकल्पात ही यादी अशीच पुढे सरकत राहते. आकडे खोटे नसतात, पण त्यांना विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो.

हा लेख ज्यांना अशी तुलना स्वतः करायची आहे त्यांच्यासाठी आहे. एक एक्सेल शीट आणि इंटरनेट एवढं पुरेसं आहे, अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

शीट उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. 'कोणत्या देशाला जास्त मदत मिळते' हा प्रश्न नाही, कारण त्यात किमान तीन प्रश्न दडलेले आहेत. देशाची अर्थव्यवस्था मदतीवर किती अवलंबून आहे, हे हवं असेल तर मदतीला राष्ट्रीय उत्पन्नाने भागावं लागतं. माणशी किती पैसा येतो, हे हवं असेल तर लोकसंख्येने. कोणता दाता कुठे जोर लावतो आहे, हे पाहायचं असेल तर भागाकाराची गरजच नाही; तिथे दात्यानुसार विभागणी लागते. तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात आणि याद्याही वेगळ्या लागतात. वाक्य लिहिलं नाही तर शेवटी हाती येणारा तक्ता कशाचं उत्तर देतो, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

दुसरी पायरी: बेटं निवडा, पण यादी तपासून

'छोटी विकसनशील बेट राष्ट्रं' हा गट १९९२च्या रिओ परिषदेपासून संयुक्त राष्ट्रांनी वेगळा मानलेला आहे. मात्र त्या यादीत गयाना, सुरीनाम, बेलीझ आणि गिनी-बिसाऊ हे बेट नसलेले देशही आहेत. पापुआ न्यू गिनीही आहे, तीही एक कोटीच्या घरातल्या लोकसंख्येसह. अकरा हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या तुवालूच्या शेजारी पापुआ न्यू गिनी ठेवून सरासरी काढली, तर ती सरासरी दोघांपैकी कुणाचंच वर्णन करत नाही.

दुसरी यादी त्याहून महत्त्वाची आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची विकास साहाय्य समिती, म्हणजे डॅक, मदतीस पात्र देशांची यादी ठेवते आणि दर तीन वर्षांनी ती तपासते. दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षं उच्च उत्पन्न गटात राहिलं की देश यादीतून बाहेर पडतो. बार्बाडोस आणि त्रिनिदाद-टोबॅगो २०११ मध्ये गेले, सेशेल्स २०१८च्या सुरुवातीला गेलं, कुक बेटं २०२० मध्ये. त्यानंतर या देशांना मिळणारा पैसा थांबलाच असं नाही. तो 'अधिकृत विकास साहाय्य' म्हणून मोजणं थांबलं. सेशेल्सचा आलेख २०१८ला तुटलेला दिसला, तर 'मदत शून्यावर आली' असं लिहू नका.

आणखी एक गाळणी लावा: स्वतंत्र राष्ट्र की कुणाच्या ताब्यातलं बेट? सेंट हेलेना आणि माँटसेराट ब्रिटनच्या ताब्यात आहेत, तोकेलाऊ न्यूझीलंडच्या. तिघंही डॅकच्या यादीत आहेत. ब्रिटनने आपल्याच बेटाला दिलेला पैसा आणि ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र वानुआतूला दिलेला पैसा यांची जातकुळी वेगळी आहे. मी ताब्यातली बेटं वेगळ्या तक्त्यात ठेवतो.

तिसरी पायरी: मदत कशाला म्हणायचं?

इथे घाई करू नका, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात. डॅकच्या व्याख्येत तीन अटी आहेत: पैसा सरकारी असावा, त्याचा मुख्य हेतू विकास आणि लोककल्याण असावा आणि तो सवलतीचा असावा. लष्करी मदत बसत नाही. व्यापारी दराचं कर्ज बसत नाही.

मग काय राहून जातं ते पाहा. किरिबातीच्या सरकारी उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग परदेशी बोटींना दिलेल्या ट्युना मासेमारीच्या परवान्यांतून येतो. ती समुद्राची विक्री आहे, मदत नाही. तुवालूला 'डॉट टीव्ही' या इंटरनेट पत्त्याचे पैसे मिळतात, तीही मदत नाही. टोंगात परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेला पैसा एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास जातो, हे प्रमाण जगात सर्वोच्च पातळीवरचं आहे. तोही मदतीत येत नाही. 'बाहेरच्या पैशावरचं अवलंबित्व' हा तुमचा विषय असेल, तर हे तिन्ही रकाने हवेतच. 'मदत' हा विषय असेल तर एकही नको.

आता याची खरी मेख. अमेरिका आणि मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, पलाऊ यांच्यात 'कॉम्पॅक्ट ऑफ फ्री असोसिएशन' नावाचे करार आहेत. पहिल्या दोघांशी ते १९८६ पासून लागू आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ते पुढच्या २० वर्षांसाठी वाढवले आणि त्यासाठी तिन्ही देशांना मिळून सुमारे ७.१ अब्ज डॉलर मंजूर केले. बदल्यात त्या अफाट समुद्रावर अमेरिकेला लष्करी वावराचा हक्क मिळतो आणि इतर कुणाच्या सैन्याला तिथे पाय ठेवू न देण्याचाही. हा पैसा मदतीच्या रकान्यात दिसतो. दुसरीकडे, २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस बेटांच्या करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सिया या चागोसमधल्या बेटावरच्या लष्करी तळासाठी ब्रिटनने मॉरिशसला द्यायचं भाडं वेगळं आहे आणि मॉरिशसच्या विकासासाठीचा निधी वेगळा. तळाचं भाडं कुणी मदत म्हणणार नाही. राजकारण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आहे: समुद्रातली मोक्याची जागा आणि त्यासाठीचा पैसा. फक्त रकाने दोन आहेत. म्हणून 'मार्शल बेटांना मॉरिशसपेक्षा कितीतरी पट जास्त मदत मिळते' या वाक्याला तळटीप नसेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

चौथी पायरी: आकडे गोळा करा

सोप्या तुलनेसाठी जागतिक बँकेचा 'वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स' हा साठा पुरतो. त्यात मिळालेली निव्वळ मदत, दरडोई मदत आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी मदतीचं प्रमाण, हे तिन्ही निर्देशांक तयार मिळतात. ते मुळात ओईसीडीकडूनच येतात. कोणत्या दात्याने, कोणत्या क्षेत्राला, अनुदान की कर्ज, एवढ्या खोलात जायचं असेल तर ओईसीडीच्या 'डेटा एक्सप्लोरर'वर जा. तिथे एका वर्षाचे देशनिहाय पक्के आकडे पुढच्या वर्षाच्या अखेरीस येतात, तेव्हा 'यंदाची मदत' शोधत बसू नका.

चीन मात्र ओईसीडीला काहीच कळवत नाही. भारतही डॅकचा सदस्य नाही आणि आपल्या मदतीचा हिशेब तिथे नियमित देत नाही. ओईसीडी भारताबद्दल फक्त अंदाज प्रसिद्ध करते. तैवान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कुवेत सदस्य नसूनही कळवतात. त्यामुळे नुसत्या ओईसीडीवर मालदीवचा तक्ता मांडला, तर ज्या दोन देशांच्या चढाओढीच्या बातम्या आपण रोज वाचतो, तेच त्यातून गायब असतात.

प्रशांत महासागरातल्या देशांसाठी सिडनीच्या लोवी इन्स्टिट्यूटचा 'पॅसिफिक एड मॅप' उत्तम आहे. चीनसह सगळ्या दात्यांचे प्रकल्प त्यांनी एकेक करून जमवले आहेत. हिंदी महासागरासाठी असा तयार नकाशा मिळत नाही, तिथे स्वतः खणावं लागतं. भारताच्या बाजूने दोन ठिकाणं पाहा. एक, अर्थसंकल्पातली परराष्ट्र मंत्रालयाची मागणी, म्हणजे त्या मंत्रालयाच्या खर्चाच्या तरतुदी. त्यात मालदीव, मॉरिशस, सेशेल्स यांच्या नावाने वेगळ्या ओळी असतात. दोन, मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय एक्झिम बँकेची लाइन ऑफ क्रेडिटची यादी. ही कर्जं अर्थसंकल्पातल्या त्या ओळींत येत नाहीत. 'भारताने मालदीवला ६०० कोटी दिले' असं म्हणताना हा दुसरा कागद बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

जवळून पाहायचं तर मालेचा नवा पूल घ्या. माले, विलीमाले, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी ही बेटं जोडणारा ६.७४ किलोमीटरचा हा पूल. भारताने ऑगस्ट २०२० मध्ये त्यासाठी १० कोटी डॉलर अनुदान आणि ४० कोटी डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट जाहीर केली. पुढच्या वर्षी कंत्राट मुंबईच्या ॲफकॉन्सला मिळालं. म्हणजे ५० कोटींतला पाचवा हिस्सा देणगी आणि उरलेलं फेडायचं कर्ज. बातमीत मात्र '५० कोटी डॉलरची मदत' एवढंच राहतं. शेजारचा, २०१८ मध्ये खुला झालेला चीनच्या मदतीचा सिनामाले पूलही काही अनुदान, काही कर्ज असाच उभा राहिला. दोन पुलांची तुलना करायची तर हे तुकडे वेगळे केल्याशिवाय ती सुरूच होत नाही.

पाचवी पायरी: रकमेचे प्रकार एकमेकांत मिसळू नका

जाहीर केलेली रक्कम, करारात कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत. तुलनेसाठी प्रत्यक्ष दिलेलीच घ्या. भारताच्या अर्थसंकल्पात हा फरक डोळ्यांना दिसतो. २०२३-२४ मध्ये मालदीवसाठी मूळ तरतूद ४०० कोटी रुपयांची होती, सुधारित अंदाज ७७०.९० कोटींवर गेला. हे तेच वर्ष, ज्यात 'इंडिया आउट'च्या घोषणा देणारा पक्ष मालेत निवडून आला. चालू बांधकामाची बिलं निवडणुकीचा निकाल पाहून थांबत नाहीत. मथळ्यांवरून मदतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

चलनाकडेही लक्ष हवं. ऑस्ट्रेलियाने एखाद्या बेटाला दरवर्षी १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दिले असं धरा. २०११च्या सरासरी दराने ते सुमारे १०.३ कोटी अमेरिकी डॉलर होतात, २०१५च्या दराने सुमारे ७.५ कोटी. ऑस्ट्रेलियाने एक सेंटही कमी केलेला नाही, पण तक्त्यात मदत पाव हिश्श्याहून जास्त घटलेली दिसते. प्रशांत महासागरात ऑस्ट्रेलिया हाच सर्वांत मोठा दाता असल्यामुळे हा घोळ तिथल्या जवळपास प्रत्येक देशाच्या आलेखात आहे. उपाय सोपा आहे: अनेक वर्षांची तुलना असेल तर 'स्थिर किमती' (महागाई आणि विनिमय दरातले बदल काढून टाकलेले आकडे) हा पर्याय निवडा, 'चालू किमती' नको.

सहावी पायरी: अनुदान आणि कर्ज वेगळं काढा

जागतिक बँकेच्या तयार निर्देशांकात 'निव्वळ' मदत असते, म्हणजे आलेल्या रकमेतून त्या वर्षी फेडलेलं मुद्दल वजा केलेलं असतं; व्याज वजा होत नाही. कर्ज मिळालं त्या वर्षी पूर्ण रक्कम मदत म्हणून चढते आणि नंतर वर्षानुवर्षं थोडी थोडी उतरते. जुनी कर्जं फेडणाऱ्या देशाचा आकडा उणेही जाऊ शकतो. ती चूक नसते.

डॅकने २०१८च्या आकड्यांपासून दात्यांसाठी वेगळी पद्धत स्वीकारली: कर्जातला फक्त 'अनुदानाइतका' भाग मोजायचा. ते कसं चालतं हे हाताने करून पाहा. १० कोटी डॉलरचं कर्ज धरा, व्याज १.७५ टक्के, मुदत २० वर्षं, पहिली ५ वर्षं फक्त व्याज, मग मुद्दलाचे १५ समान वार्षिक हप्ते आणि उरलेल्या मुद्दलावरचं व्याज. एक्सेलमध्ये वीस ओळींत परतफेड लिहा आणि एनपीव्ही सूत्राने तिची आजची किंमत काढा. मालदीवसारख्या उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशासाठी डॅकचा वटाव दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) ६ टक्के आहे. त्या दराने परतफेडीची आजची किंमत सुमारे ६.३४ कोटी येते, म्हणजे ३.६६ कोटी मदत. आता हेच कर्ज तुवालूसारख्या अतिअविकसित गटातल्या देशाला दिलं असं समजा. तिथे दर ९ टक्के. परतफेडीची आजची किंमत सुमारे ४.७६ कोटी, मदत ५.२४ कोटी. अटी अगदी त्याच, पैसा तोच, पण 'मदत' दीड कोटीहून जास्त वाढली.

दात्याची उदारता मोजायला ही पद्धत ठीक असेल. घेणाऱ्या देशांच्या तुलनेत मी ती वापरत नाही. मी तीन रकाने ठेवतो: मिळालेलं अनुदान, मिळालेलं कर्ज, फेडलेलं मुद्दल. त्यातून गोष्टी दिसू लागतात. २००६च्या दंगलीत टोंगाच्या राजधानीचा मध्यभाग जळाला आणि तो पुन्हा बांधण्यासाठी टोंगाने चीनच्या एक्झिम बँकेकडून कर्ज घेतलं. कर्जफेडीची जोखीम मोठी ठरली की जागतिक बँकेची सवलतीची शाखा, आयडीए, त्या देशाला कर्जाऐवजी अनुदान देते. टोंगा त्या गटात आहे. एका दात्याचं कर्ज दुसऱ्या दात्याच्या मदतीचं स्वरूप ठरवतं, हे एकाच रकान्यात कधीच कळलं नसतं.

सातवी पायरी: कशाने भागता ते सांगा

२०२२च्या जनगणनेत मालदीवची लोकसंख्या सुमारे ५.१५ लाख भरली, त्यात सुमारे १.३२ लाख परदेशी होते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पातली भारताची ६०० कोटींची तरतूद एकूण रहिवाशांनी भागली तर माणशी सुमारे ११,६५० रुपये येतात, फक्त मालदीवच्या नागरिकांनी भागली तर सुमारे १५,७००. त्याच अर्थसंकल्पात मॉरिशसला ५०० कोटी होते. तिथली लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी चार हजार. सेशेल्सचे १९ कोटी माणशी सोळाशे ते अठराशे पडतात. यावरून 'भारताला मॉरिशसपेक्षा मालदीव तिप्पट जवळचा' असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला एक्झिम बँकेची यादी दाखवा आणि मॉरिशसची मेट्रोही, जी मुंबईच्याच लार्सन अँड टुब्रोने भारतीय अर्थसाहाय्यातून बांधली. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येक जण त्याच मेट्रोने कामाला जात असतील.

राष्ट्रीय उत्पन्नाने भागताना स्थूल देशांतर्गत उत्पादन घेऊ नका, स्थूल राष्ट्रीय उत्पन्न घ्या. किरिबातीत या दोहोंत मोठं अंतर आहे, कारण मासेमारी परवान्यांचा आणि १९५६ पासून परदेशात गुंतवलेल्या राखीव निधीचा पैसा दुसऱ्यात येतो, पहिल्यात येत नाही. चुकीचा भाजक घेतला की किरिबाती विनाकारण जास्त परावलंबी दिसतो.

आठवी पायरी: एका वर्षावर जाऊ नका

सेंट हेलेनाच्या विमानतळासाठी ब्रिटनने सुमारे २८.५ कोटी पौंड दिले. बेटावर माणसं साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे माणशी ६३ हजार पौंड. या हिशेबाने सेंट हेलेना पृथ्वीवरचं सर्वांत लाडकं बेट ठरतं. खरं तर तिथे फक्त एक धावपट्टी झाली, आणि धावपट्टी लहान गावासाठी लहान बांधता येत नाही. तुवालूच्या किनारा संरक्षणासाठी हरित हवामान निधीने मंजूर केलेले ३.६ कोटी डॉलरही असेच. माणशी तीन हजारांहून जास्त, पण सात वर्षांच्या प्रकल्पाचे.

कर्जमाफीनेही उसळी येते. साओ तोमे आणि प्रिन्सिपेची २००७ मध्ये मोठी कर्जमाफी झाली. त्या वर्षी तिजोरीत नवा पैसा त्या प्रमाणात आला नव्हता. चक्रीवादळांचं वेगळं सांगायला नको: वानुआतूचा मार्च २०१५ (पॅम वादळ) आणि एप्रिल २०२० (हॅरोल्ड) तपासा.

म्हणून किमान पाच वर्षांची सरासरी घ्या आणि त्या पाच वर्षांत काय काय घडलं ते शेजारच्या रकान्यात लिहा. मालदीवसाठी हा रकाना फार बोलका होतो. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला अतिअविकसित देशांच्या गटातून बाहेर काढायचा ठराव केला. सहाव्या दिवशी त्सुनामी आली. प्रत्यक्ष बाहेर पडणं १ जानेवारी २०११ पर्यंत लांबलं. त्या काळातल्या मालदीवच्या मदतीत किती भाग गरिबीसाठीचा, किती आपत्तीचा, हे नुसत्या बेरजेतून कधीच वेगळं होणार नाही.

तक्ता मांडताना

प्रत्येक देशासाठी ओळ एकच, रकाने असे: पाच वर्षांचं सरासरी अनुदान, सरासरी कर्ज, सरासरी परतफेड, राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण, सर्वांत मोठा दाता आणि त्याचा वाटा, ओईसीडीबाहेरचे दाते, शेरा. क्रमवारीचा रकाना मुद्दाम नाही. सर्वांत मोठ्या दात्याचा वाटा मात्र सोडू नका. ज्या देशाचा निम्म्याहून जास्त पैसा एकाच घरातून येतो, त्याची आणि आठ दात्यांकडून घेणाऱ्याची स्थिती एकूण रक्कम सारखी असली तरी वेगळी असते.

प्रादेशिक मदतही शेऱ्यात लिहा. फिजीतल्या सुवा शहरात १९६८ पासून चालणारं युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक बारा देशांचं मिळून आहे. त्याला मिळालेला पैसा बहुधा कुठल्याच एका देशाच्या नावावर पडत नाही, पण पदवी घेऊन परतणारी मुलं तुवालूची आणि किरिबातीचीही असतात.

२०२५ नंतरचे आकडे येतील तेव्हा आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था १ जुलै २०२५ पासून परराष्ट्र खात्यात विलीन झाली आणि तिचे बहुतेक कार्यक्रम बंद पडले. कॉम्पॅक्टचा पैसा मात्र प्रामुख्याने अंतर्गत व्यवहार खात्यामार्फत जातो. त्यामुळे 'अमेरिकी मदत घटली' हे प्रत्येक बेटाबाबत सारखं खरं असेल असं धरून चालू नका; मार्शल बेटांची ओळ आणि फिजीची ओळ स्वतंत्र पाहा.

तक्त्याखाली तळटीप हवीच. नमुन्यादाखल ही घ्या: 'आकडे प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचे, स्थिर किमतींत, पाच वर्षांची सरासरी. ताब्यातली बेटं वगळली आहेत. चीनचे आकडे प्रकल्पनिहाय संकलनातून, भारताचे अर्थसंकल्प आणि एक्झिम बँकेच्या यादीतून. दोन्ही ओईसीडीच्या बेरजेत मिळवलेले नाहीत. तळाचं भाडं, मासेमारी परवाने आणि परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेला पैसा यात नाही.'